खाली जा, मग वर या

आमच्या धुळ्यातल्या कोपऱ्यावर यंदाची भरताची वांगी आली. हिरवी, अंगावर पांढुरके पट्टे, एकेक वांगं दोन्ही हातांत जेमतेम मावेल असं. हातगाडीवाला म्हणाला, "जळगावकडची आहेत ताई, आत बी म्हणून नाही." मी मनात म्हटलं, अरे बाबा, जळगावच्या पोरीला जळगावची वांगी शिकवतोस होय! तरी घेतली. गॅसवर भाजली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला काही अर्थ नसतो, कपाशीच्या काड्यांचा जाळ पाहिजे, हे मला ठाऊक आहे. पण साल करपायला लागली, तो वास घरभर झाला, आणि मी दरवर्षी जिथे जाते तिथेच पुन्हा गेले.

त्यात त्याच दिवशी फोनवर आमच्या समाजाच्या वधू-वर सूचीचा फॉर्म येऊन पडला. तुळशीचं लग्न लागलं की हे सुरू होतंच. आता सूचीचं अ‍ॅप झालंय. फोटो टाका, पत्रिका टाका, बोटानं सरकवत जा. कुणाचं तोंड कुठे हरवत नाही. सगळं छान गुळगुळीत. मी तो फॉर्म पुढे दोन घरी पाठवला आणि वांग्याची साल काढत बसले. बोटं भाजली तेव्हा कळलं की आपण गार व्हायची वाटच पाहिली नाही.

तो हिवाळा मी चोवीस वर्षांची असतानाचा. जळगावात, हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. सर, मी आणि तीन कॉम्प्युटर. सर म्हणजे आमचे मालक, पण त्यांना मालक म्हटलेलं आवडायचं नाही. डाळ मिलच्या बाजूनं वारा आला की टेबलावर पिवळसर भुकटीचा थर बसायचा आणि मी रोज सकाळी फडकं मारायची. थंडी अशी की कीबोर्डवर बोटं चालायची नाहीत. तेव्हाचे मॉनिटर केवढे, टीव्हीएवढे, मागून ऊब सोडणारे. मी हात मॉनिटरच्या मागे धरून शेकायची आणि सर म्हणायचे, "वैशाली, शेकोटी विझली असेल तर कामाला लागा." भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. वीज जाणार त्याच्या दहा मिनिटं आधी आम्ही दोघं एकमेकांना ओरडून सांगायचो, सेव्ह करा, सेव्ह करा. मला ते ओरडणंसुद्धा आवडायचं. खरं सांगते, त्या दोन खोल्यांवर माझा फार जीव होता.

त्याच हिवाळ्यात आमच्या समाजाच्या मंडळानं ठरवलं की वधू-वर सूची यंदा पुस्तकात छापायचीच, शिवाय वेबसाइटवरही टाकायची. मंडळाचे सेक्रेटरी, सगळे त्यांना आबाच म्हणत, फॉर्मांचा गठ्ठा पिशवीत घालून जिना चढून आले. धापा टाकत म्हणाले, "पुस्तक कपाटात जातं. हे म्हणे जगात जातं. तेवढं सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे बुवा. एकाची पोरगी मोठी अन् एकाची लहान, असं झालं तर मला गावात फिरू देणार नाहीत."

सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे. वाटतं सोपं. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना सांगते, तसं नसतं. आपण वेबसाइट बनवतो म्हणजे चित्र काढून पाठवत नाही, नुसत्या सूचना लिहून पाठवतो. फोटो डावीकडे, नाव उजवीकडे, एका ओळीत तिघांची तीन कार्डं. समोरच्याच्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर त्या सूचना वाचून पान मांडतो आणि प्रत्येक ब्राउझर आपल्या अकलेनं वाचतो. एकाच ब्लाउजचं माप दोन शिंप्यांना दिल्यासारखं. नवा ब्राउझर कार्डाची रुंदी एका रीतीनं मोजायचा, जुना दुसऱ्या रीतीनं. आणि आमच्याकडे गावोगावच्या कॅफेंत, पतपेढ्यांत, शाळांच्या ऑफिसांत सगळीकडे तो जुनाच ठाण मांडून बसलेला. लोक त्याला ब्राउझर नाही, 'इंटरनेट' म्हणायचे.

पहिलं पान तयार केलं तेव्हा आमच्याकडे सुरेख दिसलं. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन. "अहो ताई, काय केलं हे? पहूरच्या एका मुलीच्या नावाशेजारी दुसऱ्याच कुणाचा मिशीवाला पोरगा आलाय!" जुन्या ब्राउझरात ओळीतलं तिसरं कार्ड मावायचं नाही, खाली घसरायचं, आणि त्याच्यामागचे सगळे फोटो एकेक घर सरकायचे. मी आणि सर पोट धरून हसलो. मग सर हसायचे थांबले आणि म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. कुणीतरी तो मिशीवाला खरा समजेल." त्यानंतर पंधरा दिवस मी तेच केलं. नव्यात बघायचं, जुन्यात बघायचं, एक ओळ बदलायची, परत दोन्हींत बघायचं. जुन्यासाठी वेगळ्या सूचनांची एक फाइलच केली होती. ती फक्त त्यालाच वाचता यायची.

हे सगळं मी रोज घरी जेवताना नानांना सांगायची. नाना म्हणजे माझे वडील. पाइपच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यावर होते. आई मी दहावीत असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. नाना अर्धवट ऐकायचे, भाकरी मोडायचे आणि मध्येच विचारायचे, "मंग आता दिसतं का सारखं?" मी म्हणायची, "नाही अजून." तर ते म्हणायचे, "व्हई." होईल. मूळ एरंडोलकडचे. कारखान्यात आणि बाजारात नीट बोलायचे, पण घरात पाय ठेवला की बोलीत शिरायचे. त्यांच्या तोंडचं ते 'व्हई' ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन.

मुलीचं स्थळ बघणं हे आमच्याकडे बायकांच्या बैठकीतून सुरू होतं. मामी, मावश्या, आत्या. नानांना ती बैठक नव्हतीच. आईच्या माघारी हे काम त्यांच्या अंगावर आलं आणि त्यांनी ते कारखान्यातल्या कामासारखंच अंगावर घेतलं. स्वच्छ अक्षरात माझा बायोडाटा लिहिला. एक नाही, दोन. खेड्यातल्या स्थळांसाठी एक: स्वयंपाकाची आवड, मनमिळाऊ, घरकामात निपुण. पुण्या-नाशिकच्या स्थळांसाठी दुसरा: पदवीधर, संगणकाचं ज्ञान, नोकरीस उत्सुक. मी दोन्ही वाचले आणि म्हटलं, "नाना, यातली मी कोणती?" ते गंभीरपणे म्हणाले, "बघनारा जसा, तशी." मला हसूच आलं. माझा बाप माझ्याच धंद्यातला निघाला!

रंगाच्या रकान्यात त्यांनी 'गव्हाळ' लिहिलं होतं, खोडलं होतं, 'निमगोरा' लिहिलं होतं, आणि परत खोडून 'गव्हाळ'च लिहिलं होतं. ती खाडाखोड बघून मी कागदाची घडी करून परत दिली. स्टुडिओत नेऊन फोटो काढवला. मागे धबधब्याचा पडदा, अंगात आईची मोरपंखी साडी. जिल्ह्यातल्या निम्म्या मुली त्या धबधब्यासमोर उभ्या राहिल्या असतील. फोटोवाला म्हणाला, हसा. नाना त्याच्या मागे उभे राहून स्वतःच हसत होते, मला दाखवायला, कसं हसायचं ते.

मला लग्न नको होतं. म्हणजे कधीच नको असं नव्हे. तेव्हा नको होतं. आमच्या नात्यातली एक मुलगी माझ्यासारखीच कॉम्प्युटर शिकली आणि लग्न होऊन गेली. पुढच्या वर्षी भेटली तर तिला पासवर्डसुद्धा आठवत नव्हता. मला त्याची धास्ती बसली होती. कुठलं तरी घर, तिथे कॉम्प्युटर नाही, असला तर दिराचा, आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर. मला त्या दोन खोल्या हव्या होत्या. पण नानांना हे सांगायचं कसं? ते निवृत्तीला आले होते, छातीत दुखायचं, ते लपवायचे, आणि एकच घोकायचे: माझे हातपाय चालतात तोवर पोरीचं होऊन जाऊ दे. त्यांना माझं लग्न बघायचं होतं, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. त्या माणसासमोर 'नको' म्हणायला माझी जीभ रेटेना.

माझा फॉर्म नानांनी अगदी शेवटी दिला, फोटो तीनदा काढवला म्हणून. बाकी कार्डं एकगठ्ठा तयार झाली होती. माझं मी हातानं, वेगळं जोडलं. आणि त्यात एक गंमत झाली.

त्या जुन्या ब्राउझरात एक विचित्र दोष होता. कार्डातला फोटो कधी कधी दिसायचाच नाही. असायचा, पण दिसायचा नाही. जागा मोकळी, पांढरी. पान खाली सरकवून परत वर आणलं की एकदम हजर! पुन्हा हललं की पुन्हा गायब. लहान बाळाशी पदराआडून 'कुऽक' करतात ना, त्या खेळाचंच नाव जगभरच्या आमच्या धंदेवाल्यांनी या दोषाला दिलं होतं. उपायही तितकाच वेडा. कार्डाला सांगायचं की तुझी उंची एक टक्का आहे. साफ खोटं. पण ते एकदा सांगितलं की जुना ब्राउझर भानावर यायचा आणि फोटो दाखवायचा. का, ते कुणालाच धड माहीत नव्हतं. सर म्हणाले, "वैशाली, ती एक टक्क्याची ओळ सगळ्या कार्डांना लावून टाका." मी लावली. एकशे साठ की किती कार्डं होती, सगळ्यांना लावली.

माझ्या कार्डाला लावली नाही.

आधी विसरलेच होते. देवाशप्पथ. वेगळं जोडलेलं कार्ड, त्यामुळे सुटलं. जुन्या ब्राउझरात तपासताना बघितलं, सगळ्या मुली हजर आणि माझ्या जागी पांढरा चौकोन. हात कीबोर्डवर गेला. एक ओळ, दहा सेकंदांचं काम. मग हात तिथेच राहिला. मी त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसले आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. सरांनी विचारलं, "सगळी तपासली?" मी म्हटलं, "हो सर." तेवढ्यात वीज गेली, ते एक बरंच झालं. माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, पोरकटपणा होता. पण तेव्हा मी स्वतःची समजूत फार हुशारीनं घातली होती. मी काही लपवलेलं नाही. फोटो तिथेच आहे. नव्या ब्राउझरात सरळ दिसतो. जुन्यात दिसत नाही, तो काय माझा दोष? सगळ्या जिल्ह्याला तो जुनाच वापरायचाय, त्याला मी काय करू? माणूस स्वतःशी किती गोड बोलतो बघा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिलीपभाऊंचा कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, सहा कॉम्प्युटर, उदबत्तीचा वास. चार नंबरचा मॉनिटर बिघडलेला, त्यावर सगळ्या मुली हिरवट दिसायच्या. सूची सुरू झाली त्या दिवशी नाना कारखान्यातून परस्पर तिथेच गेले आणि तिन्हीसांजेला घरी आले ते दारातूनच, "वैशू! तुन्हा फोटो कोठे शे? बठ्ठासना दिसस!" सगळ्यांचा दिसतो, तुझाच नाही. मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटलं, "दिलीपभाऊंचं मशीन जुनं आहे नाना. जुन्यात होतं असं." त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "व्हई, व्हई," आणि पाय धुवायला गेले.

मला वाटलं, सुटले. पण माझा बाप तपासणी खात्यातला होता, हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी परत. आणि चौथ्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत थेट माझ्या ऑफिसात आले, सरांना नमस्कार करायचंही विसरले. "सापडलं! अरे, खाली जायचं अन् मग वर यायचं! उंदराचं ते चाक असं फिरवायचं, खाली, मग वर. की दिसते बरोबर, साडीसकट!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू मीच हरवले होते आणि त्यांना सापडले. सर माझ्याकडे बघायला लागले. सर काही दूधखुळे नव्हते. नाना गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या एका कार्डाला ओळ लावायची राहिली का?" मी म्हटलं, "बघते सर." आणि बघितलं नाही.

मग तो सगळा पौष असाच गेला. पौषात तसंही स्थळांची बोलणी होत नाहीत, पण लोक सूच्या चाळतात, मनात धरून ठेवतात. नाना रोज कामावरून येताना कॅफेत थांबायचे. कधी मी त्याच वाटेनं घरी जायची आणि काचेतून मला ते दिसायचे. मफलर कानाला गुंडाळलेला, चष्मा नाकावर, पुढे वाकून बसलेले. ते चाक फिरवायचे. खाली, मग वर. आणि थांबायचे. पडद्यावर मी दिसले की थांबायचे. थोडा वेळ. मग कुठे काही हलायचं आणि मी जायची, की परत खाली, परत वर. मी रस्त्यावर उभी राहून बघायची आणि मान खाली घालून घरी जायची. आत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात का नाही ठेवला? सोळा-सतरा वर्षं मी स्वतःला हेच विचारते आहे. ती काच, तो मफलर, तो वाकलेला खांदा. इतक्या जवळ होते हो ते.

इतर मुलींना फोन येत होते. पहूरच्या त्या मुलीचं तर ठरलंसुद्धा. आमचा फोन वाजत नव्हता. नाना रिसीव्हर उचलून चालू आहे ना बघायचे. एकदा मला म्हणाले, "गव्हाळ लिहीनं नही पाहिजे व्हतं का वं?" मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

आणि मग एका रविवारी फोन वाजला. धुळ्याहून. मुलगा बँकेत, घर चांगलं, मुलाची आई बोलत होती. नाना बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. मी आत वांगी भाजत होते, शेगडीवर काड्या घालून, डोळ्यांत धूर. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण नानांचं सगळं ऐकू येत होतं.

"नाही नाही ताई, फोटो आहे... आहे ना, दिलाय आम्ही... नाही हो, काही लपवायचं कशाला?"

मग पलीकडच्या बाई काहीतरी विचारत असणार.

"नाही ताई. डोळ्यात काही नाही. तोंडावर डागबीग काही नाही. तुमची शप्पथ. पोरगी चांगली आहे. तुम्ही असं करा ताई, तुम्ही खाली जा. हो, खाली. अन् मग वर या. दिसंल बघा... थोडाच वेळ दिसंल, पण दिसंल..."

कारखान्यात पोरंसोरं ज्या माणसासमोर बिडी विझवायची, तो माणूस फोनवर अजिजी करत होता. एका परक्या बाईला सांगत होता, माझ्या पोरीत काही खोट नाही हो. आणि खोट होती ती मी माझ्या हातानं ठेवलेली. वांगं जळून कोळसा झालं.

त्यांनी फोन ठेवला. त्या बाईंनी 'बघतो, कळवतो' म्हटलं असणार, आणि त्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. मी बाहेर आले आणि एका दमात सगळं सांगितलं. एक ओळ लागते नाना. सगळ्यांना लावली. मला लावली नाही. मुद्दाम.

त्यांना आधी कळलंच नाही. "मशीन जुनं शे ना?" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग कळलं. मी वाट बघत होते, आता ओरडतील, आता हात उगारतील. त्यांनी आधी विचारलं ते हे:

"बाकीन्या पोरी बरोबर दिसतस ना? दुसऱ्या कोनाचं तर नही बिघाडं?"

"नाही नाना. फक्त माझं."

"बरं." खुर्चीत बसले. मग म्हणाले, "लगीन नको व्हतं तर माले सांगानं व्हतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

त्यांनी खरंच विचार केला. हे मला त्यांचं फार आठवतं. रागाच्या भरातही प्रश्नाला खरं उत्तर द्यायचे. म्हणाले, "नही." आणि मग, "पन सांगानं व्हतं. लोकायनी पोरी दिल्या तुन्हा हातात. त्याच पानावर खोट ठेवस का?"

मी रडायला लागले. ते रडले नाहीत. जळलेलं वांगं शेगडीवरून उतरवलं, करपलेलं काढून टाकलं, राहिलेलं ठेचलं, तिखट-मीठ घातलं आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. आम्ही दोघांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीशी ते कडवट भरीत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मंडळात गेले आणि माझा फॉर्म परत घेऊन आले. आबांनी कारण विचारलं तर सांगितलं, "तिला काम करायचंय अजून." मला म्हणाले, "नाव काढी टाक. पन पान बिघडेल नको ठेवू." बिघडलेलं ठेवू नको. मी ऑफिसात जाऊन माझं कार्ड काढलं. पुढच्या मुलीचं कार्ड सरकून माझ्या जागी आलं, तिचा फोटो नीट दिसत होता. सरांना दोन्ही ब्राउझरांत दाखवलं. सर म्हणाले, "आता झालं."

तिन्हीसांजेला मी कॅफेत गेले. नाना होतेच. या वेळी मी आत गेले, त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी पान पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश बघितलं, एकेक मुलगी, जशी कारखान्यात एकेक नळी बघत असतील. मग दिलीपभाऊंना सांगून शेजारच्या नव्या मशीनवर तेच पान उघडवलं आणि परत पहिल्यापासून बघितलं. "बठ्ठं बरोबर शे," म्हणाले. "चांगलं कयं." चांगलं केलंस. आणि उठले. आमच्या घरापर्यंतच्या वाटेवर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, की कधीतरी करशील ना वगैरे. मला वाटत होतं, विचारावं.

पुढे त्यांनी तो विषयच काढला नाही. तीन वर्षं. दिवाळी झाली की मंडळाचं पत्र यायचं, नाना ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे. मी शिकत गेले, बाहेरगावची कामं मिळायला लागली, सर म्हणायला लागले की आता तुम्हीच मला शिकवा. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. तिसऱ्या वर्षी माझं मलाच वाटायला लागलं की आता चालेल. आता कुणी आलं तर मी घाबरणार नाही. ठरवलं, या तुळशीच्या लग्नानंतर नानांना आपणच सांगू, लिहा पुन्हा बायोडाटा, एकच लिहा. त्यांचा चेहरा कसा होईल ते मनात कितीदा तरी बघून ठेवलं होतं. नाना भाद्रपदात गेले. सकाळी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि छातीला हात लावला. दवाखान्यात पोचलोच नाही आम्ही.

तो जुना ब्राउझर आता कुठे राहिला नाही. एक टक्क्याची ओळ आता कुणी लिहीत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलींना ती गोष्ट सांगितली तर त्या हसतात, त्यांना वाटतं मी थापा मारतेय. पान उघडलं की सगळीकडे बहुतेक सारखंच दिसतं. चांगलंच आहे. पण कधी कधी मला तो थंडीतला वेडेपणा हवा असतो. मॉनिटरमागची ऊब, 'सेव्ह करा'ची ओरड, पिवळी भुकटी. आणि खरं म्हणजे हे काहीच नको असतं. मला नाना हवे असतात. मी मांडलेल्या पानावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, इतकं जीव लावून नंतर कुणी बघितलं नाही. मी आजवर पुष्कळ मोठ्या लोकांची कामं केली. ते बघतात, छान म्हणतात, पुढे जातात. कुणी परत वर येत नाही.

माझं लग्न तेहेतिसाव्या वर्षी झालं. धुळ्याचे, शाळेत शिक्षक, माझ्यासारखेच उशिरा उगवलेले. आमची आम्हीच ओळख करून घेतली, सूचीबिचीची गरज पडली नाही. माणूस फार चांगला मिळाला. नानांना आवडला असता. दोघांनाही दुरुस्तीची खोड, मिळून घरातल्या खुर्च्या नीट केल्या असत्या.

लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. ते म्हणाले, तुझंच काम आहे, तूच भर. मी दुपारी एकटीच बसले भरायला. वधूचं नाव, जन्मतारीख, व्यवसाय. मग वडिलांचं पूर्ण नाव. लिहिलं. त्याच्या शेजारी एक चौकोन होता, त्यातून निवडायचं होतं: हयात, मयत. मी दाबलं आणि हात बाजूला घेतला. मग माझं मलाच कळेना मी काय करतेय, पण तो फॉर्म सेव्ह केला आणि दुसऱ्या ब्राउझरात उघडला. मग तिसऱ्या ब्राउझरात उघडला. तिन्हींत पान अगदी सारखं दिसत होतं, ओळीला ओळ लागलेली, कुठे काही घसरलं नव्हतं, आणि नानांच्या नावाशेजारी तिन्हीकडे मयतच लिहिलेलं होतं.